साळुबाईच्या नावावर

स्वाइन फ्लूच्या वर्षी माळपेठच्या नगरपालिकेनं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर डुकरं पकडली. पुण्यात माणसं मरत होती, टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं, आणि आमचे नगरसेवक गावाबाहेरच्या ओढ्याला जाळी घेऊन उभे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्रेसष्ट डुकरं धरली आणि टेम्पोत भरून लांब सोडून आले. तिसऱ्या दिवशी त्यातली निम्मी परत ओढ्याला हजर होती. ह्या कामाचा खर्च पुढं बजेटात आला, त्याबद्दल सांगेनच. पण मला डुकरांची गोष्ट सांगायची नाही. मला द्रौपदाबाईची सांगायची आहे, आणि ती सांगायची म्हणजे माझी स्वतःचीही सांगावी लागणार. त्याला इलाज नाही.

मी संपत. वारूळवाडीचा. घरची पाच एकर बागायत, पण थोरल्या भावाच्या हातात, म्हणून मी नोकरीला लागलो. माळपेठ हे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या शिवेवरचं गाव. नगरपालिका लहान, पण तोरा मोठ्या शहराचा. तिथं मी चौतीस वर्षं कारकुनी केली. त्यातली वीस वर्षं रोजंदारीवाल्यांचं हजेरीपुस्तक माझ्या ताब्यात होतं. कोण आलं, कोण नाही, हे मी लिहायचो. गावात मला 'हजेरीवाले भाऊ' म्हणत. मला ते ऐकून बरं वाटायचं, हे आत्ता सांगताना लाज वाटते.

द्रौपदाबाई कामावर आली ती ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला. तिचा नवरा भागूजी खरात विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला. पदरात ज्योत्स्ना नावाची सहा महिन्यांची पोर. माहेर येडगावचं, धरणाकाठचं. तिकडून भाऊ न्यायला आला तर ही गेली नाही. सासऱ्याजवळ राहिली. सासरा पोपट खरात म्हणजे छप्पन साली दीक्षा घेतलेला माणूस. दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी गावकीच्या कामाची काठी चावडीवर टाकून दिली, म्हणाला, आता मेलेलं ढोर ज्याचं त्यानं ओढावं. गावानं वर्षभर त्याला दाणा दिला नाही, पण म्हातारा वाकला नाही. सुनेला तो एकच गोष्ट सांगायचा, की कुणाच्या दारात भाकरीला उभं राहायचं नाही, सरकारी कागदावर आपलं नाव लागलं पाहिजे. तो म्हातारा तिला घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला होता, ते मला अजून दिसतं. "जयभीम, सायेब. सून हाय माजी. कामाला वाघ हाय," एवढंच म्हणाला.

आमच्या नगरपालिकेचा एक दवाखाना आणि त्याच्या माडीवर सहा खाटांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं. तिथं आया म्हणून तिला लावलं. रोज अठरा रुपये.

आता इथं एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. रोजंदारीचा माणूस वर्षात दोनशे चाळीस दिवस भरला की त्याला कायम होण्याचा हक्क सांगता येतो. आणि तसा हक्क कुणी सांगू नये, ही नगरपालिकेची पहिल्यापासूनची इच्छा. म्हणून आमच्याकडं 'नाव फिरवायची' पद्धत होती. माणूस तोच, काम तेच, पण हजेरी सहा महिने त्याच्या नावावर आणि सहा महिने त्याच्या भावाच्या, बायकोच्या, मेव्हण्याच्या, जो कोणी मिळेल त्याच्या नावावर. कुणाचेच दोनशे चाळीस भरत नाहीत. ही युक्ती माझी नव्हती, माझ्या आधीच्या कारकुनाची. पण मी ती इतकी चोख चालवली की वीस वर्षांत एकाही ऑडिटरला कुसळ सापडलं नाही. आजूबाजूच्या नगरपालिकांचे कारकून मला विचारायला यायचे. गाढवाला गुळाची चव नसते म्हणतात, मला मात्र ह्या गुळाची चांगलीच चव लागली होती.

द्रौपदाबाईला मी विचारलं, "जानेवारी ते जून तुझं नाव. जुलै ते डिसेंबर कुणाचं लावू?"

ती म्हणाली, "मंजी? काम मी करनार न्हाई व्हय तवा?"

"काम तूच करायचं. नाव दुसरं."

तिला ते कळायला वेळ लागला. मग तिनं जावेचं नाव दिलं. साळुबाई गेणू खरात. साळुबाई पारगावला राहायची, शेतमजुरी करायची, पुढं तिकडं कारखाना आल्यावर ऊसतोडीला जायला लागली. माळपेठचा दवाखाना तिनं बघितलेलासुद्धा नव्हता. तिच्या रेशनकार्डाची नक्कल फाईलला लागली आणि त्या बदल्यात द्रौपदाबाई दर दिवाळीला जावेला लुगडं घ्यायची. वर्षातून दोनदा माणूस बदलायचा आणि दवाखान्यात कुणाला पत्ताही लागायचा नाही, कारण बदलायचं ते फक्त माझ्या पुस्तकात.

पंच्याण्णव साली साक्षरतेचे वर्ग निघाले. ती रोज कंदील घेऊन जायची. सही करायला शिकली. पगाराच्या दिवशी तिनं पहिल्यांदा सही केली, ती वाकडीतिकडी होती, पण तिनं पेन खाली ठेवून दोनदा वाचली. जुलै आला. मी म्हटलं, "आता अंगठा." तिला वाटलं मी चेष्टा करतोय. साळुबाई अंगठेबहाद्दर होती ना, मग साळुबाईच्या नावापुढं सही कशी चालेल? तेव्हापासून वर्षातले सहा महिने ती शिकलेली आणि सहा महिने अडाणी. मी शाईचं पॅड पुढं सरकवायचो आणि ती दुसरीकडं बघत अंगठा टेकवायची.

अशी सतरा वर्षं गेली. ह्या सतरा वर्षांत माळपेठमध्ये जी पोरं जन्माला आली त्यातली निम्मी आधी तिच्या हातात आली आणि मग आईच्या. कळा देणाऱ्या बाईला ती शिव्या द्यायची, पाठीवर हात फिरवायची, पुन्हा शिव्या द्यायची. तोंडानं तिखट. डॉक्टरीणबाईसुद्धा तिला घाबरून असायच्या. "तुमी पुस्तकात बघा, मी पोटाकडं बघते," असं तिनं एकदा त्यांना तोंडावर सुनावलं होतं आणि ते खरं निघालं होतं. नगराध्यक्ष गोरखशेठ, किराणा आणि खताचे मोठे व्यापारी, त्यांची दोन नातवंडं तिनंच धुवून पुसून फडक्यात गुंडाळली. बारशाला पेढे आले, घुगऱ्या आल्या. कायम करण्याचा विषय निघाला की मात्र गोरखशेठ म्हणायचे, "बघू ना बाई, पद मंजूर व्हायला पायजे."

मग दोन हजार नऊचा ऑगस्ट उजाडला.

गावात एकेकाला ताप भरायला लागला. जो तो तोंडाला रुमाल बांधून, रुमालात कापूर आणि वेलदोड्याची पुरचुंडी. मेडिकलवाल्यांनी पाच रुपयांचा मास्क पन्नासला विकला. नगरपालिकेनं मराठी शाळेच्या तीन खोल्या रिकाम्या करून तिथं वॉर्ड काढला. पुण्याहून डॉक्टर यायचे, नर्स दारात टेबल टाकून बसायची, आणि आत जायला कुणी तयार होईना. दोन वॉर्डबॉय आणले, ते एका दिवसात पळाले. शेवटी द्रौपदाबाईला सांगितलं.

ती माझ्याकडं आली. ऑगस्ट होता, म्हणजे हजेरीला साळुबाई होती.

"भाऊ," ती म्हणाली, "आत जाते मी. पन एक करा. ह्या टायमाला माजं नाव लावा. मेले बिले तर निदान पोरीला सांगाया तरी येईल, की माजी आई नगरपालिकेच्या कामावर मेली."

तिचं म्हणणं योग्य होतं. पण जानेवारी ते जून तिचे दिवस भरलेले होते. आणखी पाच महिने तिचं नाव लावलं की दोनशे चाळीसच्या वर जाणार. मी म्हटलं, "मधेच पुस्तक बदलता येत नाही." खरं म्हणजे येत होतं. महिना संपला नव्हता, पानही कोरं होतं. पण गोरखशेठना विचारावं लागलं असतं, ते रागावले असते, आणि माझ्या निवृत्तीला एक वर्षही उरलं नव्हतं. तिनं शाईचं पॅड स्वतःच ओढलं. अंगठा टेकवून आत गेली.

एकशे बेचाळीस दिवस. मी मोजून सांगतो, कारण लिहिणारा मीच. बारा ऑगस्ट ते एकतीस डिसेंबर. बेडपॅन देणं, थुंकी उचलणं, अंग पुसणं, तांदळाची पेज भरवणं, चादरी उकळत्या पाण्यातून काढणं, हे सगळं तिनं एकटीनं केलं. पहिले दोन महिने तिला घरी जाऊ दिलं नाही. ज्योत्स्ना तेव्हा बारावीत होती, ती शाळेच्या फाटकाशी डबा ठेवून मागं सरकायची, मग आई येऊन तो उचलायची. कुशाबा नावाचा एक म्हातारा तिथं वारला. त्याचे दोन्ही मुलगे फाटकाबाहेर उभे राहिले, आत आले नाहीत. म्हाताऱ्याला हिनंच धुतलं, हिनंच कापडात बांधलं, आणि गाडीत ठेवताना त्याच्या पायांना हात लावून नमस्कार केला. मुलगे लांबून बघत होते.

नोव्हेंबरमध्ये तिला आठवड्यातून एकदा तास-दोन तास बाहेर जाता येऊ लागलं. ती दुकानात साखर आणायला गेली तर दुकानदारानं पुडी फळीवरून लांबूनच ढकलली आणि पैसे खाली ठेवायला सांगितले. मी तिथंच होतो. ती मला बघून हसली. म्हणाली, "भाऊ, सासरा सांगायचा, पानी वरून वतायचे म्हनून. मी म्हनायची, म्हातारा वाढवून सांगतो. आता म्या बगितलं ह्या डोळ्यांनी." मी माझी साखर हातात घेतली आणि निघालो.

जानेवारीत साथ ओसरली, वॉर्ड बंद झाला. आणि त्याच महिन्यात जिल्ह्यावरून कागद आला. साथीत ताण पडला म्हणून दवाखान्यासाठी आयाचं एक पद, कायमचं, मंजूर. साथीच्या काळात प्रत्यक्ष काम केलेल्या रोजंदारी बाईला प्राधान्य द्यावे. पद एकतीस मार्चच्या आत न भरल्यास रद्द समजावे.

सतरा वर्षं ज्या कागदाची वाट बघितली तो माझ्याच टेबलावर पडला होता. मी तिला बोलावून वाचून दाखवला. तिनं पुन्हा वाचायला लावला. ती तेव्हा चव्वेचाळीसची होती, म्हणजे ह्यानंतर असा कागद तिच्या आयुष्यात येणार नव्हता. पोरीला नर्सिंगला घालायचं तिच्या मनात होतं. कायम पगार झाला तर ते जमणार होतं, नाही तर नाही. इतकं सरळ होतं ते.

मग तीच म्हणाली, "पन भाऊ, हजेरी साळूच्या नावावर हाय. त्याचं काय?"

मी म्हटलं, "सबंध गावानं बघितलंय तुला. सभेत मी उभा राहून सांगतो, काम हिनं केलंय म्हणून."

"सांगाल ना?"

"सांगतो म्हटलं ना."

मी शब्द दिला. कुणी मागितला म्हणून दिला असं नाही, आपणहून दिला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

फेब्रुवारीच्या अखेरीला बजेटची सभा लागली. सरत्या वर्षात काय खर्च झाला, पुढं किती करायचा, ह्याचा आढावा. मुख्याधिकारी नवीन आले होते, मराठवाड्यातले, तिशीतला तरुण, नियमाचा माणूस. नगरसेवक एकेक खुर्ची सोडून बसले होते, साथीची काळजी म्हणून. चहा आल्यावर मात्र सगळे एका टेबलाभोवती गोळा झाले. गोरखशेठनी द्रौपदाबाईला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, शाल-नारळ द्यायचा म्हणून. ती मागच्या भिंतीला लागून उभी होती. धुतलेलं पांढरं लुगडं, निळ्या काठाचं. ते ती फक्त चौदा एप्रिलला नेसायची.

लेखापालांनी 'साथरोग' हे सदर वाचायला घेतलं. डुकरं पकडणे व वाहतूक, एक लाख चाळीस हजार. जनजागृतीचे फ्लेक्स, दोन लाख दहा हजार. त्या फ्लेक्सवर हात धुणाऱ्या माणसाचं चित्र कोपऱ्यात नखाएवढं, आणि बाकी सगळे नगरसेवक हात जोडून. धूर फवारणी यंत्र, तीन लाख. धुरानं डास मरतात, ताप नाही, आणि यंत्र आलं ते डिसेंबरात. वरातीमागून घोडं. कापूर वाटप, साठ हजार. ह्यातल्या एकाही आकड्याला कुणी हूं का चूं केलं नाही. शेवटी वॉर्डातील आयाची मजुरी, पंच्याऐंशी रुपयांप्रमाणे एकशे बेचाळीस दिवस, बारा हजार सत्तर. तिथं एक सदस्य म्हणाले, "एकाच बाईला बारा हजार?" त्यावर दुसऱ्यानं मान हलवली. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी फाईल सरळ केली.

मग पदाचा विषय आला. गोरखशेठ उठून उभे राहिले आणि खरं सांगतो, चांगलं बोलले. त्यांची आई त्या वॉर्डात अकरा दिवस होती. "हिच्या हातचं पाणी पिऊन माझी आई वाचली," म्हणाले, "आम्ही पोटची पोरं दारात उभी होतो, आत ही होती. हे पद दुसऱ्या कुणाला दिलं तर आपण माणसं नाही." सगळ्यांनी बाकं वाजवली. मी पाहिलं, भिंतीपाशी द्रौपदाबाईनं पदर तोंडाला लावला होता. सतरा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

मुख्याधिकारी म्हणाले, "ठरावात नाव काय घ्यायचं? साथीच्या काळातलं हजेरीपुस्तक आणा."

पुस्तक माझ्याच हातात होतं. ते त्यांनी घेतलं, उघडलं आणि वाचलं. "साळुबाई गेणू खरात. ऑगस्ट ते डिसेंबर. बरोबर?" त्यांनी भिंतीकडं पाहिलं. "साळुबाई, पुढं या."

ती पुढं आली. "सायेब, मी साळुबाई न्हाई. मी द्रौपदा. द्रौपदा भागूजी खरात."

"मग साळुबाई कोण?"

"जाऊ हाय माजी. पारगावला आसती. हजेरी तिची व्हती, हात माजं व्हतं."

आत्ता बाकं वाजवणारे सगळे आपापल्या पुढचे कागद वाचायला लागले. नाव फिरवायची पद्धत त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होती. साहेबांना तेवढी नव्हती. त्यांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे पाच महिने खोटी हजेरी लावली? शासनाचा पैसा खोट्या नावावर काढला? ही सही कुणाची आहे पानाखाली?"

"संपतभाऊंची हाय," ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही. उलट विश्वासानं म्हणाली, आता हे सांगतीलच, अशा आवाजात. "त्यांस्नी इचारा. त्यांनीच सांगायचं ठरलंय."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. गोरखशेठनीही पाहिलं, आणि त्यांच्या नजरेत मला जे दिसलं त्यात काही कोडं नव्हतं. खरं बोललो तर खोट्या हजेरीची चौकशी लागणार. एका वर्षाची नाही, वीस वर्षांची. मे अखेरीला मी सुटणार होतो. पेन्शन अडकणार, फंड अडकणार, धाकट्या मुलाचं लग्न ठरलेलं. हे सगळं मी एका क्षणात मोजलं. हिशेबात मी पहिल्यापासून पक्का.

मी उठलो आणि म्हणालो, "साहेब, हजेरीपुस्तकात साळुबाई गेणू खरात यांचीच नोंद आहे."

ह्या वाक्यात एक शब्दही खोटा नाही. तुम्ही तपासून बघा.

"आणि ह्या बाई?"

"ह्यांची नोंद जूनपर्यंत आहे, साहेब."

द्रौपदाबाई माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं ओरडेल, शिव्या देईल, मी त्याची वाटसुद्धा बघत होतो. गोरखशेठ खाली बसले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "नियमानं जे काय असेल ते करा, साहेब. आम्ही नियमाच्या बाहेर नाही." ठराव साळुबाईच्या नावानं एकमतानं मंजूर झाला. सभेनंतर ती शाल कुणाला द्यायची ते कुणालाच कळेना, ती तशीच कपाटात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वारूळवाडीला माझ्या दारात आली. माझी बायको ठकूबाई अंगणात होती. द्रौपदाबाई आत आली नाही, पायरीपाशीच उभी राहिली आणि मोठ्यानं बोलली, आळीला ऐकू जाईल असं.

"भाऊ, पैशाचं मला काय न्हाई. मी टमाटी निवडून खाईन. पन सतरा वर्सं तुमी म्हनाल तिथं आंगठा दिला. सही येत आसून दिला. एक डाव तुमास्नी तोंड उघडायचं व्हतं, येकच डाव, तर तुमी पुस्तक वाचून दावलं! अरं, कुत्र्याला भाकर घातली तर ते बी वळखतं, रं!"

शेवटी तिनं मला 'अरे' म्हटलं. ठकूबाईनं माझ्याकडं पाहिलं आणि घरात निघून गेली. तिनं मला त्याबद्दल आजवर एक शब्द विचारलेला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात साळुबाई एसटीनं आली. काळीसावळी, वाकलेली, हाताला कोयत्याचे घट्टे. बिचारी घाबरलेली होती. ती माझ्यासमोर म्हणाली, "जाऊबायचं हाय ते, मला नगं. पन आमचं मालक पडून आसत्यात, दोन पोरं हाईत." तिचा तरी काय दोष? मी तिचा अंगठा घेतला. ह्यावेळी तो खरा होता.

साळुबाईला काम येईना. रक्त बघितलं की तिला भोवळ यायची. मग पंधरा दिवसांत दोघींनी आपसात ठरवलं. पगार साळुबाईच्या नावावर, काम द्रौपदाबाईचं, आणि पगारातले दोन हजार द्रौपदाबाईला. नगरपालिकेत सगळ्यांना हे माहीत होतं. साहेबांची तोवर बदली झाली होती. अडीच महिने तिनं तेही केलं, पोरीच्या प्रवेशाचे पैसे जमावेत म्हणून. ते जमले नाहीत. जूनमध्ये ज्योत्स्नाचा नर्सिंगचा प्रवेश हुकला आणि त्याच दिवशी द्रौपदाबाईनं दवाखान्याच्या किल्ल्या खिडकीत ठेवल्या. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो निवडायच्या कामाला जायला लागली. ज्योत्स्नाही तिच्याबरोबर.

मी मे अखेरीला सुटलो. हार, शाल, पाकीट सगळं झालं. पेन्शन पहिल्याच महिन्यापासून सुरू झाली, एक दिवसही उशीर नाही.

ऑगस्टात साथ परत आली. शाळेच्या तीन खोल्या पुन्हा रिकाम्या केल्या, आणि साळुबाई तीन दिवसांत पारगावला पळाली. आत पाच माणसं पडलेली, पेज द्यायला कुणी नाही. गोरखशेठनी मला गाडी पाठवून बोलावून घेतलं. "संपतराव, तुमचं ऐकंल ती. काय मागंल ते देऊ. मागचं पदाचं पण बघू आपण, वर बोलतो मी." ते खरंच घाबरले होते. आणि मला वाटलं, चला, एक संधी आली. मोटारसायकल काढून मी बाजारात गेलो.

पत्र्याच्या शेडखाली पंधरा-वीस बाया टोमॅटो निवडत होत्या. पिकलेले एकीकडं, कच्चे दुसरीकडं, फुटके बाजूला. द्रौपदाबाईनं मला बघितलं आणि हात चालूच ठेवले. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पाच माणसं आहेत, त्यात एक बाळंतीण आहे, हेही सांगितलं. ऐकताना तिचा हात क्षणभर थांबला, तेवढा थांबला.

"हजेरी कुनाच्या नावावर लावनार?" तिनं विचारलं.

"तुझ्याच. द्रौपदा भागूजी खरात. गोरखशेठनी स्वतः सांगितलंय."

"नक्की?"

"नक्की. मी उभा राहून लिहून घेतो."

तिनं हातातला टोमॅटो फिरवून पाहिला आणि क्रेटात ठेवला.

"मग लिवून घ्या. द्रौपदा भागूजी खरात. आन त्याच्या म्होरं लिवा, गैरहजर."

शेजारच्या बाया हसल्या नाहीत. कुणी वर बघितलंसुद्धा नाही. मी गाडीकडं आलो. माळपेठला पोचलो तेव्हा गोरखशेठ पायरीवर माझी वाट बघत होते. "काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "भेटली नाही. बाहेरगावी गेलीय म्हणतात."